यश टिकते कशावर? फाळके, शिरवाडकर आणि नाशिकचा धडा

नाशिकच्या सांस्कृतिक इतिहासात धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके आणि विष्णू वामन शिरवाडकर उर्फ कुसुमाग्रज ही दोन नावे नेहमी शेजारीशेजारी घेतली जातात. एकाच्या नावाने १९६९ पासून भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार दिला जातो, तर दुसऱ्याचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, महाराष्ट्र ‘मराठी भाषा गौरव दिन’ म्हणून साजरा करतो. त्यामुळे कर्तृत्वाच्या बाबतीत दोघांत डावेउजवे करण्यात काही हशील नाही. तथापि यश पदरात पडल्यानंतरची त्यांची आयुष्ये तपासली, तर दोन अगदी भिन्न आलेख समोर येतात. पहिला चित्रपट झळकल्यानंतर सहासात वर्षांतच, ऐन भरात असताना, फाळक्यांनी स्वतः उभारलेल्या व्यवसायाकडे पाठ फिरवली आणि ते काशीला निघून गेले. पुढे ते परतले खरे, पण त्यांची अखेरची वर्षे नाशिकमध्ये ओढगस्तीत आणि विस्मृतीत गेली. शिरवाडकर मात्र १९३३ मधील ‘जीवनलहरी’ या पहिल्या संग्रहापासून सुमारे सहा दशके लिहीत राहिले आणि त्यांच्या कीर्तीबरोबर त्यांचा लोकसंग्रहही वाढत गेला. यश मिळवणे आणि यशात टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजून घ्यायला याहून नेमकी जोडी क्वचितच सापडेल.

थकवा आणि बर्नआउट

ज्या अवस्थेला आज सर्रास ‘बर्नआउट’ म्हटले जाते, तिचा शास्त्रीय अभ्यास फार जुना नाही. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये व्यसनमुक्तीच्या मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था वर्णन करताना ही संज्ञा वापरली, आणि पुढे क्रिस्टिना मॅसलॅक यांनी १९८१ मध्ये सहकाऱ्यांसह ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, मात्र तो आजार न मानता कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था मानला. या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली जातात: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी मनात निर्माण होणारे अंतर किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी वाटणारी अकार्यक्षमता.

साधा थकवा रात्रीच्या झोपेने किंवा चार दिवसांच्या सुटीने उतरतो. बर्नआउटमध्ये सुटी संपवून माणूस परततो आणि पहिल्याच दिवशी पुन्हा तेथेच येऊन पोहोचतो. याचे कारण असे की या अवस्थेचे मूळ केवळ कामाच्या ओझ्यात नसते. मॅसलॅक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी माणूस व त्याचे काम यांच्यातील विसंगतीची सहा क्षेत्रे दाखवून दिली आहेत: कामाचा बोजा, कामावरील नियंत्रण, मोबदला व कदर, सहकाऱ्यांची सोबत, न्याय्य वागणूक आणि मूल्यांची जुळणी. यांपैकी बोजा हा एकच घटक चटकन डोळ्यांत भरतो, म्हणून सगळे खापर त्याच्यावर फुटते. उरलेले पाच घटक मात्र आतून पोखरत राहतात आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

फाळके: श्रम पेलले, ताबा गेला

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या हरहुन्नरी माणसाने छायाचित्रण केले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि नंतर भागीदारीत छापखाना काढला. तीनरंगी छपाईचे तंत्र शिकण्यासाठी तो जर्मनीलाही जाऊन आला, पण छपाईचा हा धंदा चांगला चालू लागला असतानाच भागीदारांशी बिनसले आणि फाळके त्यातून बाहेर पडले. ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तिची पुनरावृत्ती पुढे मोठ्या प्रमाणावर झाली.

छापखान्यातून बाहेर पडल्यावर ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट मुंबईत त्यांच्या पाहण्यात आला आणि भारतीय देवदेवतांना असे पडद्यावर आणण्याच्या ध्यासाने त्यांना पछाडले. मिळतील तितके चित्रपट पाहणे, रात्री जागून प्रयोग करणे आणि झोपेची हेळसांड यांचा परिणाम डोळ्यांवर होऊन काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. त्यानंतर विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा व यंत्रसामग्री घेऊन आले, आणि भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून कुंडीतील वाटाण्याचा अंकुर वाढतानाची चित्रफीत त्यांनी आधी तयार केली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीत दादरचे घर हाच कारखाना झाला होता. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रपटाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि शिवाय फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची तांत्रिक कामेही सांभाळीत. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला मुक्काम नाशिकला हलवला, जेथे ‘मोहिनी भस्मासुर’पासून ‘लंका दहन’पर्यंतचे त्यांचे गाजलेले चित्रपट तयार झाले.

या काळातील श्रम कोणत्याही मापाने अमानुष होते, त्यांची किंमत शरीराने मोजलीही. परंतु फाळके त्या काळात खचले नाहीत. काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कोणाला बरोबर घ्यायचे हे सर्व त्यांच्या हाती होते, घरातून खंबीर साथ होती आणि कामाचा हेतू त्यांना मनापासून पटलेला होता. लायटर-मॅसलॅक यांच्या भाषेत सांगायचे, तर सहांपैकी बोजा हे एक क्षेत्र बिघडलेले होते आणि बाकीची बरीचशी क्षेत्रे शाबूत होती.

परिस्थिती पालटली ती यशामुळे. ‘लंका दहन’ला मिळालेल्या प्रचंड प्रतिसादानंतर भांडवल गुंतवू इच्छिणारे पुढे आले आणि १९१८ च्या आरंभी नाशिकमध्ये ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. पैशाची चिंता मिटली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट चांगले चालले. तथापि खर्च, वेळ आणि कामाची पद्धत यांवरून भागीदारांशी खटके उडू लागले, आणि जो माणूस कर्ज, अपुरी झोप व दृष्टिदोष यांना पुरून उरला होता, तो या कुरबुरींनी हरला. राजीनामा देऊन फाळके कुटुंबासह काशीला गेले. चित्रपटाशी संबंध तोडून त्यांनी तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पत्रकार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी परत येण्याचा आग्रह केला, तेव्हा या व्यवसायापुरते आपण संपलो आहोत अशा आशयाचे उत्तर त्यांनी धाडले. दिवंगत व्यक्तीचे मानसशास्त्रीय निदान करणे योग्य नव्हे. परंतु ज्या कामासाठी डोळे पणाला लावले, त्याच कामाविषयी इतका तुटकपणा यावा, हे बर्नआउटच्या दुसऱ्या लक्षणाशी मिळतेजुळते आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

पुढे १९२२ मध्ये ते कंपनीत परतले, मात्र पूर्वीचा जोम परतला नाही. बोलपटांच्या आगमनाने तंत्र बदलले, १९३७ मधील ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट अखेरचा ठरला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

शिरवाडकर: बेताचा पसारा, मोठा गोतावळा

शिरवाडकरांची कारकीर्द सुरू झाली तीही नाशिकच्या चित्रपटव्यवसायातच. पुण्यात १९१२ मध्ये जन्मलेले आणि पिंपळगाव बसवंत व नाशिक येथे वाढलेले शिरवाडकर हं. प्रा. ठा. महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ‘गोदावरी सिनेटोन’मध्ये दाखल झाले आणि ‘सती सुलोचना’ या १९३४ मधील चित्रपटात त्यांनी लक्ष्मणाची भूमिकाही केली. तो चित्रपट चालला नाही. त्यानंतरची काही वर्षे निरनिराळ्या नियतकालिकांत पत्रकारिता करण्यात गेली, आणि १९४२ मध्ये वि. स. खांडेकर यांच्या पुढाकाराने ‘विशाखा’ हा संग्रह प्रसिद्ध होऊन त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले.

यानंतर मुंबई-पुण्यात बस्तान बसवणे हा रूढ मार्ग होता; शिरवाडकरांनी नाशिकला घर केले आणि कविता, नाटक, कादंबरी, कथा, ललित लेख असे सर्व प्रकार आपल्या गतीने हाताळले. ‘विशाखा’नंतर ‘नटसम्राट’ रंगभूमीवर यायला १९७० साल उजाडले, म्हणजे दोन शिखरांमध्ये सुमारे अठ्ठावीस वर्षांचे अंतर पडले, आणि ते अंतर भरून काढण्याची घाई त्यांच्या लेखनात कोठे दिसत नाही. ‘नटसम्राट’ला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८७ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने त्यांच्या समग्र कार्याचा गौरव झाला.

लेखनाइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे लेखनाबाहेरचे त्यांचे जगणे. विशीत त्यांनी काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात भाग घेतला, १९५० मध्ये नाशिकमध्ये ‘लोकहितवादी मंडळ’ उभे करण्यात पुढाकार घेतला, आणि उतारवयात कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून ग्रंथप्रसार व आदिवासी भागातील कामांना हातभार लावला. त्यांच्या टिळकवाडीतील घरी नवोदित कवीपासून कार्यकर्त्यापर्यंत कोणालाही सहज जाता येत असे. आपली ओळख एकाच खुंटीला टांगलेली नसेल, तर ती खुंटी हलली तरी माणूस कोसळत नाही, हे या जगण्यामागचे मर्म म्हणता येईल.

या तुलनेला एक मर्यादा आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे ठरेल. चित्रपट हा भांडवलावर चालणारा व्यवसाय आहे आणि कवितेला कागद-लेखणी पुरते. त्यामुळे फाळक्यांना भागीदारांवाचून गत्यंतर नव्हते आणि शिरवाडकरांना ती गरजच पडली नाही. परंतु या मर्यादेतूनच मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. दोघांच्या स्वभावांपेक्षा दोघांच्या कामाच्या अटी भिन्न होत्या, आणि माणूस टिकतो की विझतो हे ठरवण्यात त्या अटींचा वाटा फार मोठा असतो.

नियंत्रण आणि विश्रांती यांचे शास्त्र

कामावरील नियंत्रणाचे महत्त्व संशोधनानेही अधोरेखित केले आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरॅसेक यांनी १९७९ मध्ये असे मांडले की कामाची मागणी जास्त आणि निर्णयाचे स्वातंत्र्य कमी असेल, तेव्हा ताण सर्वाधिक वाढतो. मागणी जास्त असूनही स्वातंत्र्य असेल, तर त्याच कामातून माणूस शिकतो आणि वाढतो. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांत खालच्या श्रेणीतील, म्हणजे कामावर कमी ताबा असलेल्या, कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण वरिष्ठांपेक्षा अधिक आढळले. सर्वाधिक ताण ‘साहेबा’लाच असतो ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली.

याचा अर्थ तासांना महत्त्व नाही असा मात्र घेता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. आवडीचे काम असले तरी शरीर आपला हिशेब ठेवते; फाळक्यांच्या डोळ्यांनी तो ठेवलाच होता.

विश्रांती म्हणजे नुसते रिकामे बसणे, हाही एक गैरसमज आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबीने झोनेनटाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून असे दिसते की शक्ती भरून येण्यासाठी मनाने कामापासून दूर जाणे आवश्यक असते. देहाने घरी आणि चित्त कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, अशा स्थितीत तासांचा हिशेब सुटीत जमा होतो, पण विश्रांती पदरात पडत नाही. त्याचबरोबर फावल्या वेळेवर स्वतःचा ताबा असणे आणि एखादे वेगळे कौशल्य शिकणे, मग ते गाणे असो की बागकाम, यांनीही मन ताजे होते.

नाशिकच्या द्राक्षशेतीत हे तत्त्व रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. येथील बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. फळ निघून गेल्यावर साधारण एप्रिलमध्ये ‘खरड छाटणी’ होते, जुन्या काड्या खरडून काढल्या जातात आणि वेलीला नवी फूट घेऊ दिली जाते. ऑक्टोबरच्या सुमारास ‘गोडी छाटणी’ होते आणि तिच्यानंतर घड बाहेर पडतात. वरवर पाहता एप्रिल ते सप्टेंबर हा काळ उत्पन्नाच्या दृष्टीने कोरडा असतो, परंतु त्याच काळात नव्या काड्यांच्या डोळ्यांमध्ये पुढील हंगामाच्या घडांची सूक्ष्म निर्मिती होते आणि ती बिघडली तर ऑक्टोबरनंतर कितीही खते-औषधे ओतली तरी घडांची संख्या वाढत नाही. शिवाय घड आले म्हणून जाणता बागायतदार ते सर्वच्या सर्व ठेवीत नाही, कारण एका घडाला पोसायला ठरावीक पाने लागतात. जादा घड काढून टाकले नाहीत तर मणी फुगत नाहीत, साखर उतरत नाही आणि वेल पुढच्या वर्षासाठीही अशक्त होते. ज्या जिल्ह्यात विरळणीचे हे शास्त्र शेतकऱ्याच्या घरोघरी ठाऊक आहे, त्या जिल्ह्यातील मुलांच्या आणि नोकरदारांच्या वेळापत्रकांत मात्र एकही घड काढून टाकायची कोणाची तयारी नसते.

समाधानाचे हिशेब

टिकाऊ यशाचा दुसरा भाग समाधानाचा आहे. बढती, पगारवाढ किंवा पुरस्कार यांनी वाटणारा आनंद काही काळाने ओसरतो आणि माणूस पूर्वीच्याच मनःस्थितीला परततो, या प्रक्रियेला मानसशास्त्रज्ञ ‘सुखाची सवय’ म्हणतात. म्हणून केवळ पुढच्या टप्प्यावर सुख बेतणाऱ्याच्या वाट्याला सततची धावाधाव येते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार दीर्घकाळ टिकणाऱ्या समाधानाला तीन मूलभूत गरजांची पूर्तता लागते: आपण आपल्या मर्जीने वागत आहोत ही जाणीव, आपल्याला काही चांगले जमते हा अनुभव, आणि माणसांशी जिव्हाळ्याचे नाते. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून अव्याहत चालू असलेल्या प्रौढ जीवनाच्या अभ्यासाने यांपैकी तिसऱ्या गरजेवर विशेष भर दिला असून, उतारवयातील आरोग्य व समाधान यांचा जवळच्या नात्यांच्या गुणवत्तेशी घट्ट संबंध असल्याचे दाखवून दिले आहे. शिरवाडकरांच्या दारात सदैव माणसे होती, हा त्यांच्या चरित्रातील केवळ रंजक तपशील ठरत नाही. त्यांच्या टिकण्याचा तो एक आधार होता.

जबाबदारी कोणाची?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळ्या, रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांच्या रात्रपाळ्या, खासगी कंपन्यांतील ‘टार्गेट’ आणि शिकवणी वर्गांचे भरगच्च दिवस या सर्वांवर आज सुचवला जाणारा उपाय बहुधा वैयक्तिक असतो: ध्यान करा, पहाटे उठा, सकारात्मक राहा. या सवयी उपयुक्त आहेतच, परंतु बोजा, ताबा, न्याय आणि कदर या गोष्टी एकट्या कर्मचाऱ्याच्या हाती नसतात, आणि ज्याच्या हाती त्या आहेत त्याला मोकळे सोडून थकलेल्या माणसालाच कणखर होण्याचा उपदेश करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

महाराष्ट्राने हा धडा एकदा गिरवलेला आहे. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि दीर्घ पाठपुराव्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. त्यापूर्वीही थकलेल्या कामगाराला घरी जाऊन झोप घेण्याचा सल्ला देता आला असता. लोखंड्यांनी सल्ल्याऐवजी नियम मागितला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने पुढे आठवड्याच्या सुटीला आणि कामाच्या तासांच्या मर्यादेला देशभर कायद्याचे पाठबळ दिले.

म्हणून ज्याला आपण आतून विझत चाललो आहोत असे वाटते, त्याने स्वतःला आळशी किंवा कमकुवत ठरवण्यापूर्वी सहा प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत: काम झेपण्याजोगे आहे का, त्यावर आपला काही ताबा आहे का, कदर होते का, सोबत आहे का, न्याय मिळतो का आणि हे काम आपल्याला पटते का. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ येईल, तेथे दुरुस्ती हवी. ती आपल्या हातात असेल तर आपण करावी, वरिष्ठांच्या हातात असेल तर मागावी, आणि झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे अशी चिन्हे दिसत असतील तर विनासंकोच डॉक्टरांकडे जावे. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, त्यांनी हेच सहा प्रश्न वर्षातून एकदा तरी आपल्या माणसांना विचारावेत आणि उत्तरे ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. कर्तबगार माणसे मिळणे दुर्मीळ आहे. मिळालेली टिकवणे हे मात्र संस्था चालवणाऱ्यांचे रोजचे काम आहे, आणि ते टाळून मिळवलेले यश फार काळ टिकत नाही.